गुलाबी न झालेला चिखल

समुद्राच्या तळाचा चिखल मी विहिरीच्या गोड्या पाण्यात भिजत घातला. डाळ भिजत घालावी तसा. वर ताट झाकलं आणि जेवायला गेले.

यात हसण्यासारखं काय आहे हे ज्यांना कळलं त्यांनी हसून घ्यावं. बाकीच्यांना पुढं कळेलच. तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची पोर होते. दोन्ही गुडघे स्वतःचे होते, आणि जगातलं सगळं आपल्याला येतं अशी पक्की खात्री होती. आता सहासष्ट चालू आहे. एक गुडघा बदलला, खात्रीही बरीचशी झिजली.

माझी नोकरी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. शिकवायची नव्हे. बाटल्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शकं पुसायची, पोरांनी फोडलेल्या काचा लपवायच्या. पण वर्षातून चार वेळा माझा मान असायचा. आम्ही कळंबा तलावावर जायचो, तळाचा चिखल काढायला. दोरीला बांधलेला एक लोखंडी जबडा असतो. तो उघडा सोडायचा, तळाला टेकला की मिटतो, मग चिखलासकट वर ओढायचा. आम्ही त्याला मगर म्हणायचो. तो चिखल बारीक चाळणीवर पाण्यानं धुतला की वर राहतात ती तळाची मंडळी: लाल अळ्या, दोऱ्यासारखे किडे, शेंगदाण्याएवढे शंख. पाठीचा कणा नसलेली, सहसा कुणाच्या नजरेला न पडणारी प्रजा. ती मोजायची. कोण वाढलं, कोण कमी झालं, त्यावरून पाण्याची तब्येत कळते. तलावावर फिरायला येणारे लोक थांबून विचारायचे, "काय सोनं सापडतंय व्हय मावशी?" मी म्हणायची, "सोनंच की. घेता का मूठभर?"

तीस वर्षं मी हे केलं. मग निवृत्त झाले, घरी बसले, सुनेच्या स्वयंपाकात खोड्या काढू लागले. सुनेच्या नशिबानं त्याच वर्षी मॅडमचा फोन आला. या मॅडम म्हणजे माझ्याच प्रयोगशाळेत शिकून मोठी झालेली पोरगी, आता तिथंच प्राध्यापक. म्हणाल्या, "मावशी, कोकणात एक काम आहे. चिखल तोच, पण समुद्राचा. येणार का?"

मी म्हटलं, "चिखल म्हटल्यावर मला काय शिकवायला पायजे?"

बघा. त्या एकोणसाठ वर्षांच्या पोरीचं हे असं होतं.

गगनबावड्याचा घाट उतरून आम्ही गेलो ते कोजागिरीच्या आदल्या दिवशी. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या बायकांनी नको म्हटलंय. समुद्र तिथं जमिनीत वाकडा शिरलाय आणि एक छोटी खाडी झालीय. खाडीच्या डाव्या अंगाला वाळूची लांब पट्टी, आणि पट्टीच्या मागं अडलेलं उथळ, खारं पाणी. मॅडमच्या कागदात त्याला मोठं नाव होतं. गावचे लोक नुसतं 'आतलं पाणी' म्हणायचे, आणि म्हणताना आवाज उतरायचा. खाडी बडबडी होती, लाटा, होड्या, बगळे. पट्टी ओलांडून आतल्या पाण्याकडं आलं की कानात बोटं घातल्यासारखं व्हायचं.

आम्हाला होडीतून नेणारी बाई पन्नाशीची. काळी, काटक, कंबरेला पदर खोचलेला. ती आणि गावातल्या आणखी बारा बायका सुकतीला, म्हणजे ओहोटीचं पाणी मागं गेलं की, चिखलात हातानं तिसऱ्या शोधायच्या. दोन शिंपल्यांच्या मधे मऊ मांस असतं ते, कोकणातले लोक सुकं करून खातात. त्यावर तेरा घरं चालायची. मला बघताच तिनं विचारलं, "ही आजये खंय बसतली? मधी बस गो, काठार बसलंस तर होडी कलंडात."

आजये! एकोणसाठ वर्षांच्या पोरीला! मी रागानं काठावरच बसले आणि होडी कलली. मग मधे बसले.

दहा ठिकाणं ठरलेली होती. सहा खाडीत, चार आतल्या पाण्यात. दर ऋतूला त्याच दहा ठिकाणचा चिखल काढायचा. त्यातलं सातवं ठिकाण आलं तशी बाईनं होडी थांबवली आणि वल्हं आडवं धरलं.

"ही राखणेची जागा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते असं. आतल्या पाण्यात चार खाटांएवढी एक जागा तिच्या आजेसासूच्याही आधीपासून सोडलेली. तिथं कुणी हात घालायचा नाही. तिथल्या तिसऱ्यांवर हक्क राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा. तो त्या खातो, उरलेल्यांची पिल्लं इकडं तिकडं पाठवतो, म्हणून बाकीच्या चिखलात पीक येतं. दोन वर्षं मात्र बाकीच्या चिखलात तिसऱ्या मिळेनात. बायका कंटाळल्या, कुणी मुंबईला पोराकडं जायचं बोलू लागल्या. तेव्हा या बाईनंच सुचवलं, राखणेच्या जागेतल्या लहान तिसऱ्या उचलू आणि सगळीकडं पेरू. राखणदाराला नारळ देऊ, तो समजून घेईल. येत्या अवसेच्या मोठ्या सुकतीला, दिवाळीतल्या, तेराही जणी उतरणार होत्या.

"पण थंय खरोखर काय आसा काय नाय, ता आमका कसा कळतला? हात घालूक नाय." तिनं मॅडमकडं पाहिलं. "तुमचो हात लोखंडाचो. तो चलात. जा काय दिसात ता खरा सांगा. माझ्या शब्दार बारा जणी थांबल्यात."

मॅडमनी शब्द दिला. मी मगर सोडली. बाईनं आमच्याकडं पाठ केली आणि तोंडावर पदर घेतला.

एक गोष्ट मला तेव्हाच जाणवली होती, पण माझ्यातल्या त्या शहाण्या पोरीनं ती बाजूला सारली. समुद्राचा ताजा चिखल बोलतो. बादलीत ओतला की त्यात टिकटिक होते, बारीक चिळकांड्या उडतात, कुठं काहीतरी चटकन मिटतं. पहिल्या सहा ठिकाणचा चिखल चुलीवरच्या भातासारखा कुजबुजत होता. सातव्या जागेचा बादलीत पडला तो गप्प. मी कान लावून ऐकलं. काही नाही. बादलीतून उलट कोणीतरी माझंच ऐकत असावं असं वाटलं. मी हात झटकला आणि म्हटलं, "दमला असंल." चिखल दमतो होय?

उरलेली तीन ठिकाणं उरकून दुपारी आम्ही बाईच्या घरी आलो. मॅडमना होडी लागली होती. ओसरीवर आडव्या होताना एवढंच म्हणाल्या, "मावशी, धुवायचं ते समुद्राच्याच पाण्यानं हं."

"व्हय व्हय," मी म्हटलं.

नऊ बादल्या मी समुद्राच्या पाण्यानंच धुतल्या. खाडीवरून आणलेलं पिंप तिथं संपलं. राहिली सातवीची. तिला मी मुद्दामच मागं ठेवलं होतं, का ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. पिंप भरायचं तर परत पट्टीपर्यंत जाणं आलं, आणि घरातून माशाच्या आमटीचा वास येत होता. पाच पावलांवर विहीर, पाणी काचेसारखं. मी विचार केला, तीस वर्षं कळंब्याचे किडे गोड्या पाण्यात धुतले, एकानं तरी तक्रार केली का? ओतलं विहिरीचं पाणी. भिजू दे म्हटलं, चिखल सुटेल. जेवले, तीन वाट्या आमटी प्याले, बाईशी बोलता बोलता लवंडले. उठून चाळलं तेव्हा चार तास उलटून गेले होते. चाळणीवर बारीक मिटलेले शिंपले राहिले आणि राखाडी गाळ. सगळं बरणीत भरलं, सडू नये म्हणून फॉर्मालिन घातलं, गुलाबी पूड घातली, पेन्सिलीनं 'सात' लिहिलेली चिठ्ठी आत टाकली. काम चोख!

आता ती गुलाबी पूड. तो एक रंग असतो. बरणीत घातला की माती, वाळू, शिंपल्याचं कवच यांना तो फारसा धरत नाही. मांसाला धरतो. चिखल काढला त्या क्षणी जे जे जिवंत होतं ते दोनतीन दिवसांत गुलाबी होतं. मग ताटलीत पसरून बघायचं, गुलाबी तेवढं चिमट्यानं उचलायचं. माझं म्हातारीचं डोकं याला सोपं करून सांगतं, गुलाबी म्हणजे होता, न गुलाबी म्हणजे नव्हता.

पाचव्या दिवशी मी बरण्या उघडायला बसले. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागलेली. भर अकराचं ऊन खिडकीत, आणि तरी ती इमारत अशी की आपल्या चपलेचा आवाज आपल्या आधी पुढच्या वर्गात जाऊन पोचायचा. मॅडम पलीकडच्या खोलीत. पहिली बरणी ताटलीत ओतली आणि बरं वाटलं. भेळेवर डाळिंबाचे दाणे टाकावेत तसं गुलाबी. दोऱ्यासारखे किडे, तांदळाएवढे खेकडे, बाळतिसऱ्या. दुसरी तशीच. तिसरीही. चौथी, वाळूपट्टीच्या तोंडाजवळची, तिच्यात तर बाळतिसऱ्यांची जत्रा.

सातवी ओतली. राखाडी.

मी ताटली फिरवली. भिंग वाढवलं, कमी केलं, दिवा हलवला. एक कण गुलाबी नाही. शिंपले मात्र होते, चाळीसएक, मुगाच्या दाण्याएवढे ते नखाएवढे, आणि प्रत्येक मिटलेला. मेलेल्या तिसरीचा शिंपला उघडतो, सुटतो, वाळूत एक इकडं एक तिकडं होतो. हे जोडीनं घट्ट बसलेले. मी सुईनं एक उघडला. आत काळा गाळ, कवचाच्या आकाराचा. दुसरा उघडला. तेच. आतून कडी लावलेलं घर, ढकलून उघडावं, आणि आत चूल, पाट, सगळं जागेवर, फक्त माणूस नाही. आणि बाहेर गेल्याची खूणही नाही. अकरा घरं मी उघडली. मग सुई खाली ठेवली, कारण मला असं वाटायला लागलं होतं की बाराव्यात कुणीतरी असेल.

हातमोज्याला भोक होतं. ताटलीवर धरलेलं माझं बोट टोकाला गुलाबी झालेलं. त्या सगळ्या राखाडीत तेवढं एकच.

मॅडम केव्हा येऊन मागं उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनीही भिंगातून बघितलं, बराच वेळ.

"मावशी, सातवीला पाणी कुठलं वापरलंत?"

"समुद्राचंच की!"

तोंडातून सुटलं ते असं, खणखणीत. कोल्हापूरच्या माणसाचं खोटं मोठ्यानं असतं, म्हणून पचतं. मॅडमनी मान हलवली. "मग गेली ती जागा. उद्या बाईंना फोन करून सांगते."

घरी आले. सुनेनं चकल्यांचं पीठ मळायला दिलं ते मी मळत राहिले, मळतच राहिले. ती बाई बारा जणींना सांगणार, राखणेची जागा मेली. तेरा घरं ऐकणार. आणि ती मारली कुणी, तर चार तास विहिरीच्या पाण्यात भिजवून एका घाटी बाईनं, जेवायची घाई होती म्हणून. खाऱ्या पाण्यातला मऊ किडा गोड्या पाण्यात फुगतो आणि फुटतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तीस वर्षं वर्गात पोरांना शिकवलेलं कानावर पडत होतं, फक्त ते कान माझे आहेत हे त्या दिवशी समजलं.

सकाळी मॅडमनी फोन उचलण्याआधी मी जाऊन उभी राहिले.

"मॅडम, मी खोटं बोलले. सातवी गोड्या पाण्यात होती. चार तास."

त्यांनी चष्मा काढला. आयुष्यात कुणी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं, माझ्या सासूनंसुद्धा नाही. "मावशी, मी पहिल्या वर्षाला बीकर फोडलं तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होतात? फोडलं तर फोडलं, फुटलं म्हणू नको."

"म्हटलं होतं," मी म्हणाले. "दुसऱ्याला सांगायला काय जातंय?"

फोन त्यांनी लावला, पण बोलायला मला दिलं. शिक्षाच ती. मी बाईला सांगितलं, सातव्याचा चिखल माझ्या हातून बिघडला, त्यावरून काहीच सांगता येत नाही, अवसेच्या आदल्या दिवशी परत येतो, तोवर थांबा. मला वाटलं शिव्या बसतील. पलीकडून ती हसली. "बिघडयलंस? बरा झाला गे आजये. ये तर मगे."

तिच्या हसण्यात इतका जीव आला की मलाही आला. बिघडवलं म्हणजे मुळात चांगलं होतं! त्या दिवसापासून मी एकच मागत राहिले, चूक माझीच असू दे. माझ्या मूर्खपणानं ती बरणी मेलेली असू दे, जागा नको. आमच्या घरात नवस बोलायची पद्धत आजोबांच्या वेळीच बंद झालेली, त्यामुळं मागायचं कुणाकडं हाही प्रश्नच. मी आपलं गॅसच्या शेगडीकडं बघून मागायची.

पण त्या मिटलेल्या घरांनी मला सोडलं नाही. किडे फुटले हे ठीक. तिसरी कशी फुटेल? तिला दारं आहेत. गोडं पाणी लागलं की ती दारं लावून आत बसते. चार तासांत तिचा कवचाआड गाळ कसा होईल?

चौथ्या दिवशी मी मासळी बाजारातून जिवंत तिसऱ्या आणल्या, पावशेर. भर दुपारी स्वयंपाकघरात पातेल्यात घातल्या, वर नळाचं पाणी. घड्याळ लावून समोर बसले. सून झोपलेली. नातीनं विचारलं, "आज्जी, कालवण कधी?"

"आधी तपास, मग कालवण."

"कसला तपास?"

"तुझ्या आज्जीनं खून केलाय का, त्याचा."

नातीला ते फार आवडलं. तीही मांडी घालून बसली. पहिला तासभर पातेल्यात टकटक होत होती, दारं लागत होती, एकेक. मग शांत. नात कुजबुजली, "मेल्या?" ती शांतता मी ओळखली. बादलीतली तीच. चार तास झाले तसा सुरी घेऊन मी पहिली उघडली.

आत मांस. पांढरं, गुबगुबीत, जागच्या जागी. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळी माणसं घरात होती.

नात ओरडली, "आज्जी, तू न्हाय केलास खून!"

निर्दोष सुटले, म्हणजे मेली होती ती जागाच. त्या रात्री कालवण सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. मी डोकं दुखतंय म्हटलं. मॅडमना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. खोटं बोलण्याचं दुसरं एक तंत्र असतं, गप्प बसायचं, त्यात मी पहिल्यापेक्षा हुशार निघाले. मनाला म्हटलं, एका पातेल्यावरून काय ठरतंय? शेगडीकडं बघून मागणं चालूच ठेवलं.

अवसेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही परत गेलो. पाणी इतकं मागं गेलं होतं की आतल्या पाण्याची जागाच उरली नव्हती, नुसता चकाकता चिखल. मॅडम होडीपाशी पाण्याच्या बाटल्या भरत थांबल्या. मी आणि बाई साड्या खोचून चालत निघालो. पिंप या वेळी समुद्राच्या पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलं होतं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "आज आमटी नाय हां तुका." मी हसले. तीही हसली. दोघींचं हसू लवकर संपलं.

चिखलभर पाखरं होती. शेकड्यांनी, चोची खुपसत, धावत, भांडत. आम्ही जाऊ तशी बाजूला होत आणि मागं पुन्हा भरत. त्यांच्या पायांच्या नक्षीनं सगळी जमीन शिवलेली. आणि मग मला दिसलं की ती नक्षी एका ठिकाणी थांबते. चार खाटांएवढी जागा, गुळगुळीत, कोरी. पाखरं तिच्या कडेपर्यंत येत होती आणि वळत होती. एकही पाय आत नाही. खेकड्याचं एक बीळ नाही. ऊन चांगलं वर आलेलं, वारा पडलेला, आणि त्या कोऱ्या चौकोनाच्या कडेला उभं राहून माझ्या अंगावर काटा आला. कडेला इतका गलका आणि आत काहीच नाही. बादलीतलं ते गप्प इथून आलं होतं.

"पाखरां हंय उतरणत नाय," बाई म्हणाली. माझ्याकडं न बघता.

"कधीपासून?"

"गेल्या पावसापासून."

मी तिच्याकडं वळले. "आणि तू आम्हाला सांगितलं न्हाईस? बायकांनाही न्हाई?"

मला राग यायला हवा होता. पण चार दिवसांपूर्वी पातेल्यासमोर बसलेली मीच मला आठवले, आणि तिचं तोंड मला आरशात बघितल्यासारखं ओळखीचं वाटलं.

मी टोपलीतून डबा काढला, चिखल घ्यायला वाकले. तिनं माझा हात धरला. "तू नको." पदर डोक्यावर घेतला, पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिच्या आजेसासूनं, सासूनं, तिनं, कुणीच कधी घातला नव्हता तो हात तिनं कोपरापर्यंत आत घातला.

तिचा हात आत काहीतरी चाचपत होता, हळू, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. मूठ बाहेर आली. वरचा चिखल राखाडी, खालचा शाईसारखा काळा, आणि आता तो वास आला, कुजलेल्या अंड्याचा, जो वरच्या थरानं इतके दिवस झाकून ठेवला होता. मुठीत सातआठ तिसऱ्या, मोठ्या, मिटलेल्या, अशा देखण्या की बाजारात हातोहात जाव्यात. तिनं अंगठ्याच्या नखानं एक उघडली. काळा गाळ. दुसरी. काळा गाळ. ती एकेक उघडून माझ्या तळहातावर ठेवत गेली. मी तळहात पसरून उभी होते. किती वेळ, ठाऊक नाही.

मॅडम आल्या. त्यांनी बघितलं आणि समजावून सांगितलं, साध्या शब्दांत. वाळूची पट्टी वाढत गेली, आतल्या पाण्याचं तोंड अरुंद झालं, ताजं पाणी या कोपऱ्यापर्यंत पोचेना, तळाला श्वास मिळेना. कुणी आलं नाही, कुणी खाल्लं नाही, आतल्या आत गुदमरलं सगळं; भोवतीच्या चिखलानं कवचं दाबून धरली, म्हणून ती मिटलेलीच राहिली आणि आत गाळ भरला. इथल्या तिसऱ्या उचलून पेरल्या असत्या तर तेरा जणींनी रिकामी कवचं पेरली असती आणि पुढचं वर्ष वाट बघण्यात गेलं असतं. चौथ्या ठिकाणी, पट्टीच्या तोंडाजवळ, बाळतिसऱ्या भरपूर आहेत. पेरायच्या तर त्या उचला.

बाईनं सगळं ऐकलं, मान हलवली. मग मॅडम बाटल्या उचलून पुढं गेल्या. आम्ही दोघी मागं राहिलो. भरती सुरू झाली होती. पाणी कुठून येतंय ते दिसत नव्हतं, फक्त पाखरं एकेक करून उठू लागली होती.

मी म्हटलं, "मला चार दिवसांआधीच कळलं होतं. घरात बघितलं मी करून. माझ्या पाण्यानं न्हाई झालं ते. फोन करायला पायजे होता, न्हाई केला. चूक माझी हाय असंच वाटत राहावं असं मला वाटत होतं. तुला उगाच आशा लावली."

तिनं माझ्या तळहातावरच्या तिसऱ्या एकेक उचलल्या, मिटवल्या, आणि जिथून काढल्या तिथं परत ठेवल्या. हात चिखलातच पुसला. मग उठली आणि म्हणाली:

"गे आजये, चूक तुझी आसा म्हणान आठ दिस माझ्या घशाखाली घास उतारलो. आता बायकांका मी सांगतंय. तू गप रव."